उन्मेष रिसबूड यांचा सैल हात

उन्मेष रिसबूडला जगातल्या बहुतेक गोष्टी चुकीच्या पद्धतीने चाललेल्या दिसत, आणि त्या तशा दिसल्याबद्दल त्याला पगार मिळत असे. तो क्वालिटी ऑडिटर होता. नाशिकच्या सातपूर-अंबड पट्ट्यातल्या कारखान्यांत जायचं, गळ्यात पाहुण्याचं ओळखपत्र अडकवायचं, यजमानाचा चहा प्यायचा, त्याचे काजू खायचे आणि मग त्याच्या घरात काय काय वाकडं आहे ते त्यालाच सांगायचं, हा त्याचा व्यवसाय. आपल्याकडे असा मान ऑडिटरखालोखाल फक्त जावयाला मिळतो. पण जावई निदान लेखी देत नाही.

चाळिशी उलटल्यावर त्याने कॉलेजातली इलेक्ट्रिक गिटार माळ्यावरून खाली काढली. त्या वयात त्याच्या वर्गातल्या पुरुषांना एकतर मॅरेथॉन लागते नाहीतर गिटार, आणि उन्मेषच्या गुडघ्यांनी मॅरेथॉनला आधीच नकार कळवला होता. गंगापूर रोडवरच्या त्याच्या सोसायटीत अशाच आणखी तिघांना जमवून त्याने बँड काढला. नाव 'थर्ड गिअर'. तालीम क्लब हाउसमध्ये, योगावर्ग आणि भिशी यांच्या मधल्या वेळात.

डावा हात ठीक होता. घोडं अडलं होतं ते उजव्यात. गिटारवर उजव्या हातात पिक असतं, नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा, आणि ते तारेवर वर-खाली, वर-खाली चालवायचं असतं. लय संथ असली की उन्मेषचं मनगट माणसासारखं वागे. लय जरा चढली की खांद्यापासून बोटांपर्यंत एक अखंड पहार तयार होई आणि ती पहार तारांवर आपटत राही. त्यात तो दात आवळी. त्याची बायको केतकी दंतवैद्य होती. नवऱ्याची गिटार कितपत पुढे गेली आहे ते तिला त्याच्या झिजलेल्या दाढांवरून कळे.

देवळाली कॅम्पातून शिकवायला येणारे डिमेलो सर थकून गेले होते. "पिक असं धर, जसा ओला पापड उचलतोस," ते सांगत. "पडता कामा नये, फाटता कामा नये." उन्मेषने जन्मात ओला पापड उचलला नव्हता. "हात धुतल्यावर टॉवेल नसला की पाणी झटकतोस ना? तेच मनगट, तीच चाल." उन्मेषच्या खिशात कायम दोन रुमाल असत. सरांच्या शिकवण्यात प्रमाणित पद्धत नाही, असं त्याने सरांनाच एकदा नम्रपणे सांगितलं होतं.

इथे त्या काळाविषयी थोडं सांगायला हवं. गिटारचा अ‍ॅम्प, म्हणजे तारेची कुजबूज मोठ्याने सांगणारा खोका, एव्हाना शहाणा झाला होता. तार थरथरली की तिच्याखालचं चुंबक त्या थरथरीची वीज करतं, ती वीज अ‍ॅम्पमध्ये जाते आणि अ‍ॅम्प तिचा आवाज करतो. या प्रवासात सेकंदाचा एक बारीक तुकडा जातो. पूर्वी तो वाया जायचा. आता अ‍ॅम्पमधली चिप तेवढ्यात वादकाच्या मनात काय होतं याचा अंदाज बांधायची, चुकलेला सूर जागेवर बसवायची, पुढे पळालेल्याला थोपवायची, आणि मागे रेंगाळलेल्याची वाट न बघता त्याचा सूर स्वतःच वाजवून टाकायची. स्पीकरमधून बाहेर पडायचं ते निर्दोष. सगळेच उत्तम वाजवू लागले आणि साहजिकच कुणी कुणाचं ऐकेना.

त्यामुळे स्पर्धांचं अवघड झालं. परीक्षकांना कान असून उपयोग उरला नाही. तसा तो पूर्वीही फारसा झालेला नव्हता. पण स्पर्धा बंद करणं आपल्या स्वभावात नाही. मग कुणीतरी डोकं चालवलं: आवाज सगळ्यांचा सारखा असेल तर गुण हाताला द्या. खऱ्या वादकाचा हात सैल असतो, नवख्याचा आवळलेला असतो, आणि सैलपणा मोजता येतो. तो मोजणाऱ्या पट्ट्याचं नाव होतं 'निवांत'.

हा पट्टा कोपराखाली बांधायचा. माणसाच्या त्या भागात स्नायूंचे दोन गट असतात; एक मनगट एकीकडे वळवतो, दुसरा उलटीकडे. हात सैल असतो तेव्हा एक काम करतो आणि दुसरा गप्प बसतो. घाबरलेल्या माणसाचे दोन्ही एकदम कामाला लागतात, जसा नवशिका ड्रायव्हर एक पाय अ‍ॅक्सिलरेटरवर आणि दुसरा ब्रेकवर ठेवतो. गाडी हलत नाही, इंजिन मात्र तापतं. स्नायू आवळला की कातडीवर किंचित वीज उमटते. निवांत ती दोन्ही बाजूंनी वाचायचा आणि या भांडणाचा एक आकडा काढायचा. त्याला ताणांक म्हणत. शंभर म्हणजे घाटात समोरून ट्रक आल्यावर पुढच्या सीटचा दांडा धरणारी मूठ. पाच म्हणजे झोपलेलं बाळ. मुरलेल्या वादकाचा बाराच्या आसपास. उन्मेषचा एकाहत्तर.

निवांतपणाला आकडा मिळाल्याबरोबर शहर त्यावर तुटून पडलं. कॅनडा कॉर्नरला शिथिलीकरणाचे क्लास निघाले, त्यांत पहाटेची बॅच आधी भरली. सोसायटीच्या लिफ्टमध्ये आया एकमेकींना विचारू लागल्या, की तुमच्याकडे किती आला. ज्यांच्या मुलांचा वीसच्या खाली येई त्या हळू आवाजात सांगत आणि ज्यांच्या मुलांचा पन्नासवर जाई त्या मशीनला नावं ठेवत. आराम करण्यात मागे पडलेली मुलं रात्ररात्र आरामाचा सराव करू लागली.

उन्मेषला हे सगळं हास्यास्पद वाटलं आणि त्याने सर्वांत महागाचा पट्टा घेतला.

पहिले काही महिने आकडा हलला नाही. मग कंपनीने पट्ट्यात एक सुधारणा पाठवली, आणि इथून पुढे गोष्ट गिटारची राहिली नाही. पट्टा आता खोलीतले आवाज ऐकू लागला: कोण बोललं, कोणाची पावलं वाजली, कोण खोकलं. ताणांक उसळण्याच्या जरासं आधी काय घडलं होतं, याचा तो हिशेब ठेवी, आणि पुरेशी खात्री झाली की कानातल्या बोंडातून एका सुशिक्षित बाईच्या आवाजात कारण सांगे. कारण सापडलं की नसेतून अगदी सौम्य उलटा प्रवाह सोडून आवळणारा स्नायू शांतही करी. फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्याला हळूहळू आवाजाची सवय करतात, त्यातलाच प्रकार. तेच कारण पुन्हा पुन्हा समोर आलं आणि दर वेळी हात शांत केला गेला, की काही आठवड्यांनी मेंदू स्वतःच त्या कारणाची दखल घेणं सोडून देई.

क्लब हाउसमधल्या तालमीत, चालू गाण्यात, बाई प्रथम बोलल्या.

"आपला ताण नोंदवला गेला आहे. संभाव्य कारण: दिगंबर."

दिगंबर पगार, म्हणजे डिग्या, थर्ड गिअरचा ड्रमर. पाथर्डी फाट्यावर त्याचं नळ आणि कमोडचं दुकान होतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून तो उन्मेषच्या मागे बसून ड्रम वाजवत होता आणि उन्मेष चुकला की मोठ्याने हसत होता. अ‍ॅम्प शहाणे झाल्यावरही त्याला उन्मेषची चूक कळायची, कारण तो स्पीकर ऐकत नसे, खांदे बघत असे.

उन्मेष नियमाने चालणारा माणूस होता. कारखान्यात दोष सापडला की ऑडिटर तिथेच थांबत नाही. असं का, मग ते का, असं विचारत मुळाशी जातो, मूळ कारण उपटायला लावतो आणि नंतर ते खरंच उपटलं की नाही हे बघायला परत येतो. मग दोष 'क्लोज' होतो. उन्मेषने हीच पद्धत डिग्याला लावली, आणि तालीम संपल्यावर त्याला बाजूला घेऊन निष्कर्ष सांगितला.

"माझं नाव घेतलं त्या निवांतबाईने?" डिग्याने विचारलं.

"नाव नाही रे. डेटा आहे."

"बरं. मग आता काय, मी हसायचं नाही?"

उन्मेष म्हणाला की हसणं हे लक्षण आहे, कारण नव्हे. गृहसंकुलांच्या स्पर्धेत आपलं नाव आहे, तेवढ्यापुरतं ड्रमचं मशीन लावू.

डिग्याने काठ्या पिशवीत भरल्या. "लाव. पण उन्म्या, तू माती खाल्लीस तर मशीन तुला सांगणारे का?"

"मशीन चुका काढत बसत नाही."

"हां, मग जमेल तुमचं," डिग्या म्हणाला आणि गेला. जाताना त्याने नेहमीसारखं उन्मेषच्या पाठीत थापटलं नाही, हे उन्मेषच्या लक्षात आलं, कारण कानातल्या बाई बोलल्या नाहीत.

आकडा अठ्ठावन्नवर आला.

पद्धत सिद्ध झाली म्हटल्यावर उन्मेष थांबणारा नव्हता. पुढच्या कारणांत डिमेलो सर निघाले. त्यांना त्याने आभाराचा एक चांगला संदेश पाठवला. मग दर रविवारी सकाळी येणारा आईचा फोन निघाला. फोनवर आई काही विशेष बोलत नसे. चिपळूणला पाणी किती दिवसांनी आलं, कोणाकडे काय झालं, आणि शेवटी, तू कसा आहेस. या शेवटच्या प्रश्नाला हात आवळे. उन्मेषने आईला सुचवलं की तू लिहून पाठवत जा, मी सवडीने वाचेन. आईला फोनवर लिहिता येत नसे. ते लिहिणं तिने काही सुरू केलं नाही, आणि फोन करणं बंद केलं. आकडा चव्वेचाळीसवर येऊन ठेपला आणि उन्मेषने त्या दिवशी स्वतःसाठी आमरस मागवला.

आता उरली केतकी.

केतकीचं क्लिनिक कॉलेज रोडला होतं. ती संध्याकाळी घरी येई, चहा करून घेई आणि उन्मेषचा रियाज चालू असेपर्यंत गॅलरीत बसे. ती काही बोलत नसे. क्वचित, महिन्यातून एखाद्या वेळी, कप विसळताना म्हणे, "आज बरं होतं." उन्मेषला वाटे की तिला त्यातलं काही कळत नाही. तरीही ती गॅलरीत येऊन बसली की त्याचा पाठीचा कणा आपोआप सरळ होई आणि सोपी जागा तो उगाच अवघड करून वाजवायला जाई, आणि पहार व्हायची. एरवी कारखान्यातले मॅनेजर ज्याच्यासमोर घाम पुसत, तो माणूस कप विसळण्याच्या आवाजाकडे कान लावून बसे. हे त्याला कधी समजलं नव्हतं. बाईंना समजलं.

"संभाव्य कारण: केतकी."

त्याने तिला नाश्त्याच्या टेबलावर सगळं नीट समजावून सांगितलं. आरोप नाही, तुझी चूक नाही, ही फक्त नोंद आहे, असं तो वारंवार म्हणाला. कारखान्यातही असंच म्हणायचं असतं. केतकीने उप्पीट संपेपर्यंत ऐकून घेतलं. मग नक्की काय करायचं, असं तिने विचारलं. उन्मेषने आधी सौम्य उपाय सुचवला: रियाजाच्या वेळी गॅलरीत बसू नकोस. ती आतल्या खोलीत बसू लागली. पट्ट्याला आतल्या खोलीतल्या चपला ऐकू आल्या. मग ती उशिरा घरी येऊ लागली. पट्ट्याला कुलपात फिरणारी किल्ली ऐकू आली. शेवटी तर ती येण्याची वेळ झाली, एवढ्यानेच आकडा चढायला लागला. मग उन्मेषने मुळापाशी जायचं ठरवलं. स्पर्धेपर्यंत तू क्लिनिकच्या मागच्या खोलीत राहशील का, असं त्याने विचारलं. तिथे पलंग आहे, गीझर आहे, आणि तुझा जाण्यायेण्याचा वेळही वाचेल.

केतकीने बॅग भरली. भरताना ती भांडली नाही, याची उन्मेषने मनात अनुकूल नोंद घेतली.

"माझ्या खुर्चीत माणूस बसला की पहिल्यांदा दांडा घट्ट धरतो," ती बॅगची चेन ओढत म्हणाली. "मग मी इंजेक्शन देते, आणि त्याचा हात सुटतो. त्याला आम्ही सैल झाला म्हणत नाही, उन्मेष. बधिर झाला म्हणतो."

दाताची नस वेगळी, हे उन्मेषने तिला शांतपणे सांगितलं.

ती थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. एखादी दाढ वाचवावी की काढावी, हे ठरवताना ती असंच बघत असे. "स्पर्धेला मी येईन," ती म्हणाली. "तिसऱ्या रांगेत बसेन. मला बघायचंय, मी समोर असताना तो आकडा किती होतो."

"वाढेल," उन्मेष म्हणाला. "तेच तर सांगतोय. तू येऊ नकोस."

"वाढला तर मी बॅग घेऊन तुझ्याबरोबर घरी येईन."

"आणि नाही वाढला तर?"

"तर प्रश्नच मिटला."

एखाद्या बिनडोक माणसालाही या बोलण्यात आपल्याला काय दिलं जातंय ते कळलं असतं. पण उन्मेष बिनडोक नव्हता, त्याचं डोकं प्रशिक्षित होतं. त्याने या संभाषणातून दोन मुद्दे उचलले: एक, स्पर्धेच्या दिवशी केतकी हा धोका तिसऱ्या रांगेत हजर असणार, दोन, आकडा वाढला नाही तर प्रश्न मिटणार. प्रश्न मिटवणं हे त्याचं आयुष्यभराचं काम होतं.

ती गेल्यावर आकडा बावीसवर उतरला. पण ती समोर आल्यावर तो किती उसळेल याचा भरवसा नव्हता, आणि समोर न आणता सवय कशी करणार. यावर उन्मेषने काढलेला तोडगा इतका नेटका होता की कंपनीने तो पुढे जाहिरातीत वापरायला हरकत नव्हती. त्याच्या फोनमध्ये केतकीचे आवाजी निरोप होते, लग्नापासूनचे. त्याने ते कधी पुसले नव्हते. का, ते त्याला ठाऊक नव्हतं. तो एरवी सगळं पुसणारा माणूस होता. आता ते उपयोगी पडले. त्याने रजा टाकली, आणि दुपारचं जेवण झालं की तो पंखा लावून, पट्टा बांधून, गिटार घेऊन बसे आणि स्पीकरवर एकेक निरोप लावून त्यावर वर-खाली, वर-खाली रियाज करी.

*येताना दूध आण, अर्धा लिटर, तू नेहमी एक आणतोस.* बासष्ट. पट्ट्याने नस शांत केली. पुन्हा. एकावन्न. पुन्हा. सहाव्या-सातव्या वेळी ते नुसतं दूध झालं.

*पोचलास का? पोचलास की सांग.* हा जरा जड गेला.

*अरे, आज एका आजोबांनी माझं बोट चावलं, ऐक ना, फोन उचल.* यात ती हसत होती. हसण्यासाठी त्याला दोन दुपारी लागल्या.

असे दुधाचे, किल्ल्यांचे, सिलिंडरचे, उशीर होईलचे, जेवून घेचे निरोप त्याने एकामागून एक बारावर आणून ठेवले. हात सुंदर चालू लागला. मनगट आता सरांनी सांगितलेलं ओलं मनगट झालं होतं, पिक बोटांत जेमतेम टेकलेलं असे, आणि लय कितीही चढवली तरी पहार होत नसे. डिग्याने हे खांदे बघितले असते तर तो हसला नसता. पण डिग्या तिथे नव्हता, आणि अ‍ॅम्पमधून जे बाहेर पडत होतं ते पहिल्या दिवसापासून जसं होतं तसंच होतं.

एकच निरोप वाकेना. तो जुना होता. केतकीचे वडील इस्पितळात होते आणि उन्मेष तेव्हा औरंगाबादला ऑडिटला गेला होता. निरोपात आधी बराच वेळ फक्त इस्पितळाच्या कॉरिडॉरचा आवाज होता, ढकलगाडीची चाकं, कुणाची तरी चप्पल. मग ती म्हणत होती, "उन्मेष, बाबा गेले. तू ये." एवढंच. तो तेव्हा ऑडिट अर्धवट टाकून निघाला होता. नोकरीत त्याने तसं एकदाच केलं होतं.

या निरोपाला आकडा एकोणऐंशीवर गेला. पट्ट्याच्या सगळ्या आयुष्यात तो तेवढा गेला नव्हता. पुन्हा लावला, शहात्तर. पुन्हा, एकोणऐंशी. इतर कोणी इथे थांबलं असतं. हात जर इतका आवळतोय तर तो काहीतरी धरून बसलाय आणि ते सोडवण्यासारखं आहे का, हे निदान एकदा तपासलं असतं. उन्मेषला मात्र आनंद झाला. चिवट दोष हाच ऑडिटरचा खरा मान असतो. त्याने निरोपाला पुनरावृत्तीवर टाकलं आणि लय वाढवली. *बाबा गेले. तू ये. बाबा गेले. तू ये.* खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तिसऱ्या दिवशी वर येऊन विचारलं, की घरात कोणी गेलंय का. उन्मेषने हसून सांगितलं, की नाही, रियाज चाललाय.

आठवड्याभराने पासष्ट झाला. मग चाळीस. मग एका दुपारी, वरणभात खाऊन जरा सुस्ती आलेली असताना, ती म्हणाली "तू ये" आणि आकडा बारावर पडून राहिला. उन्मेषने पुन्हा लावून खातरजमा केली. बारा. त्याने तो दोष मनातल्या मनात क्लोज केला आणि निरोप पुसून टाकला. ठेवायचं काही कारण उरलं नव्हतं.

स्पर्धा अर्थातच भव्य होती. उत्तर महाराष्ट्रातल्या गृहसंकुलांचे बँड जमले होते, नगरसेवकांचे सत्कार उरकले होते आणि रंगमंचामागे सिनेमाच्या पडद्याएवढा पडदा होता. वादक त्याच्यासमोर मुंगीएवढे दिसत, आणि तेच योग्य होतं, कारण प्रेक्षक वादकांकडे बघत नव्हते. सगळ्यांच्या माना वर होत्या. पडद्यावर आकडा असायचा. जळगावचा एक गिटारवादक चौदावर छान चालला होता, तेवढ्यात त्याच्या आईने पहिल्या रांगेतून हात केला आणि आकडा अडतीसवर गेला. सभागृहातून असा उसासा उमटला, जसा वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये झेल सुटल्यावर उमटतो. निवेदिकेने पालकांना विनंती केली की कृपया आपल्या पाल्यांना ओळख देऊ नये.

थर्ड गिअर शेवटून दुसरे होते. ड्रमचं मशीन न चुकता सुरू झालं. उन्मेष पुढे आला, आणि पडद्यावर बारा उमटला.

केतकी तिसऱ्या रांगेत होती. निळी साडी नेसली होती. सगळ्या सभागृहात ती एकटीच पडद्याकडे न बघता त्याच्याकडे बघत होती. सोलोच्या आधी दोन मोकळे ठेके होते. त्यांत उन्मेषने मुद्दाम मान वळवून तिच्याकडे बघितलं, सरळ डोळ्यांत. ऑडिटर पडताळणी टाळत नाही. तिने तेव्हा पडद्याकडे नजर टाकली.

बारा.

तो वाजवू लागला. मनगट पाण्यासारखं हलत होतं. केतकी त्याला स्वच्छ दिसत होती, निळी साडी, मांडीवरची पर्स, कपाळावर मागे सारलेली बट. ओळखीची होती, आणि दुसऱ्या-चौथ्या रांगेतल्या बायकांसारखी होती. शेवटच्या आवर्तनात आकडा अकरा झाला. लोक पडद्याकडे बघत उभे राहिले आणि त्यांनी पडद्यासाठी टाळ्या वाजवल्या.

ढाल मिळाली. फोटो झाले. उन्मेष ती काखेत मारून गर्दीतून वाट काढत गाड्यांच्या तळावर आला. केतकी गाडीत बसली होती, इंजिन चालू होतं. त्याने खिडकीवर टकटक केली. काच खाली आली.

"पाहिलंस?" तो म्हणाला. त्याला दम लागला होता. "तू समोर होतीस, मी तुझ्याकडे बघितलं, आणि आकडा हललासुद्धा नाही."

"पाहिलं," केतकी म्हणाली.

"म्हणजे आता तू असलीस तरी चालेल. तोच तर मुद्दा होता. आता काही अडचणच नाही."

केतकीने आरसा सरळ केला. तेव्हा त्याचं लक्ष मागच्या सीटवर गेलं. तिथे बॅग होती, घरून नेलेली, फुगलेली, वर तिची उशी बांधलेली.

"ही बॅग?"

"आणली होती," ती म्हणाली.

ढाल खाली ठेवायला उन्मेषला थोडा वेळ लागला. आणली होती. आणली आहे, असं ती म्हणाली नव्हती. तळावर शेजारच्या गाड्या निघत होत्या, कुणीतरी लांबूनच "रिसबूड, अकरा, वा" असं ओरडून गेलं. आणि वीस वर्षं दुसऱ्यांच्या घरातलं वाकडं बघून पोट भरलेल्या त्या माणसाच्या ध्यानात पहिल्यांदा आलं, की आपण कशाची पडताळणी करून आलो.

मग उन्मेष रिसबूडने ते केलं, जे करताना त्याने आजवर शेकडो मॅनेजरांना पकडलं होतं. त्याने बाही वर सारली, पट्टा खिडकीसमोर धरला आणि मूठ आवळली. दात आवळले, खांदा आवळला, मानेच्या शिरा फुगवल्या. पट्ट्यावरचा आकडा चढू लागला. अठरा. सत्तावीस. एकेचाळीस.

"बघ," तो म्हणाला. "वाढतोय. केतकी, बघ ना, वाढतोय."

केतकीने आकड्याकडे बघितलं नाही. ती त्याच्या जबड्याकडे बघत होती. दुखत नसलेल्या ठिकाणी दुखतंय म्हणून सांगणारे पेशंट तिच्याकडे रोज येत.

"सोड," ती हळू म्हणाली. "हात दुखेल." आणि काच वर गेली.

कानात बाई गोड आवाजात म्हणाल्या, "आपला ताण नोंदवला गेला आहे. संभाव्य कारण: आढळले नाही."

गाडी फाटकातून बाहेर वळली. उन्मेषने आणखी थोडा वेळ मूठ तशीच धरून ठेवली. मग ती दमली, सुटली, आणि आकडा आपसूक बारावर येऊन बसला.